मराठवाड्यातील शिक्षकाची शिदोरी

वर्गात पाऊल टाकण्यापूर्वी शिक्षक आपल्या वहीत त्या दिवसाच्या धड्याची जी आखणी लिहून ठेवतो, तिला महाराष्ट्रातील शाळांत टाचण असे नाव आहे. कोणता घटक, त्याचा उद्देश काय, साधने कोणती, प्रश्न कोणते विचारावयाचे आणि फळ्यावर काय लिहावयाचे, एवढे त्या वहीत असले म्हणजे तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्याचे समाधान होते. परंतु टाचण लिहावयास बसलेल्या शिक्षकापुढे खरा प्रश्न निराळाच असतो. त्यात भरावयाची सामग्री आणावयाची कोठून? नांदेड आणि लातूर या भागांत या प्रश्नाचे उत्तर गेल्या शंभर वर्षांत अनेकदा पालटले. त्याचा इतिहास पाहू गेल्यास, मराठवाड्यातील शिक्षणाच्या अनेक दुखण्यांचे मूळ तेथेच सापडते.

जुन्या पंतोजीला टाचण ठाऊक नव्हते. धूळपाटी, पाढे, पावकी-निमकी आणि मोडीचे वळण ही त्याची सारी सामग्री, आणि ती त्याच्या जिभेवर व बोटांवर असे. ती कोणाकडून मागून आणावी लागत नसे, हे तिचे बळ. आणि पिढ्यान् पिढ्या ती वाढतही नसे, हे तिचे दौर्बल्य.

मुंबई इलाख्यात हा काळ लौकर संपला. शाळापुस्तके तयार करणारी मंडळी मुंबईत १८२२ साली स्थापन झाली. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली निघाले. पुढे मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली क्रमिक पुस्तके झाली, आणि १८६१ पासून तर ‘मराठी शालापत्रक’ नावाचे मासिक निघू लागले. कृष्णशास्त्री व विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या संपादनामुळे हे मासिक वाङ्मयाच्या इतिहासात स्थान पावले. तथापि त्याचे नावच सांगते की ते शाळेसाठी होते. खेड्यातील एकाकी मास्तराच्या हाती दरमहा काही नवे यावे, ही कल्पना त्याच्या मुळाशी होती. सरकारचा आश्रय तुटल्यामुळे १८७५ साली ते बंद पडले. पुढे शिक्षकवर्ग तयार करणाऱ्या संस्थांतून जर्मन पंडित हर्बार्ट याच्या अनुयायांनी बसविलेल्या पाच पायऱ्याही आल्या, आणि टाचणाचा आजचा साचा बव्हंशी त्यांतून घडला.

हे सारे पुण्यामुंबईकडचे झाले. नांदेड व लातूर त्या काळी निजामाच्या राज्यात होते. नांदेड जिल्ह्याचे ठिकाण होते, लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातील एक तालुका. राज्यकारभाराची भाषा आधी फारसी व १८८४ च्या सुमारास उर्दू झाली, आणि प्राथमिक इयत्तांपलीकडे शिक्षणाचे माध्यमही उर्दूच राहिले. राज्यातील सुमारे निम्मी प्रजा तेलुगू बोले आणि जवळजवळ चतुर्थांश मराठी; उर्दू ही त्यांपैकी फारच थोड्यांची घरची भाषा होती.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. हैदराबादच्या दरबाराने शैक्षणिक साहित्याची उपेक्षा केली असे नाही. उलट त्या बाबतीत त्याने जे केले ते हिंदुस्थानात दुसऱ्या कोणीही केले नव्हते. १९१७ साली तेथे भाषांतर-विभाग उघडला, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात रसायनशास्त्रापासून कायद्यापर्यंत सारे विषय उर्दूतून शिकविण्याचा संकल्प सोडण्यात आला. परिभाषा घडविल्या गेल्या, ग्रंथांमागून ग्रंथ भाषांतरित झाले. या कार्याचे धुरीण मौलवी अब्दुल हक यांचे वास्तव्य अनेक वर्षे खुद्द मराठवाड्यात, औरंगाबादेस होते. उच्च ज्ञान देशी भाषेत देता येते, हा सिद्धान्त हैदराबादने करून दाखविला. पण कंधारच्या किंवा औशाच्या मराठी मुलाला त्या सिद्धान्ताचा लाभ काय? त्याच्यापुढे इंग्रजीच्या जागी दुसरी एक परकी भाषा आली, इतकेच. सरकारपाशी पैसा, पंडित आणि छापखाने असूनही मराठी शिक्षकाची झोळी रिकामीच राहिली.

ती थोडीफार भरली आगगाडीने, असे म्हटल्यास विनोद वाटेल, पण त्यात तथ्य आहे. बार्शी लाइटची चिमुकली गाडी १९११ साली लातूरपर्यंत आली आणि कुर्डुवाडीमार्गे लातूर मुंबई इलाख्याशी जोडले गेले. नांदेडला त्याआधीच मनमाड-हैदराबाद लोहमार्ग पोचला होता. कापूस व धान्य बाहेर जाऊ लागले. आणि पुण्याची पुस्तके, मासिके व पुण्यात शिकलेली माणसे आत येण्याची वाट सोपी झाली.

या माणसांचे महत्त्व पुस्तकांहून अधिक ठरले. लातूरपासून फार लांब नसलेल्या हिप्परगा या खेड्यात १९२१ साली व्यंकटराव देशमुख व अनंतराव कुलकर्णी यांनी राष्ट्रीय शाळा काढली. माध्यम मराठी आणि धोरण स्वदेशीचे. खासगी शाळांकडे संशयाने पाहणाऱ्या राज्यात हे साहस लहान नव्हते. पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात शिकलेले व्यंकटेश खेडगीकर पुढे याच शाळेत अध्यापनास आले. १४ जानेवारी १९३० रोजी त्यांनी संन्यास घेतला व ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. १९३५ साली ते आणि बाबासाहेब परांजपे आंबेजोगाईस, त्या काळच्या मोमिनाबादेस, योगेश्वरी नूतन विद्यालयात गेले. १९३८ च्या सत्याग्रहाने स्वामीजींना शाळेबाहेर ओढले आणि पुढची दहा वर्षे हैदराबादच्या मुक्तिसंग्रामात गेली.

त्यांच्या राजकारणाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या मास्तरकीविषयी त्या मानाने थोडे. खरे पाहता ज्या शाळेला सरकारी पुस्तक आपले वाटत नाही, तेथे धडा तयार करण्याचे सारे ओझे शिक्षकावर पडते. इतिहास शिकवावयाचा तर कोणाचा, भूगोलाचा आरंभ हैदराबादेपासून करावयाचा की शाळेमागच्या ओढ्यापासून, हे त्यालाच ठरवावे लागते. हिप्परग्याच्या शाळेतून आणि तिच्यासारख्या इतर शाळांतून मुक्तिसंग्रामाचे कार्यकर्ते निघाले, यात मग आश्चर्य ते कोणते? निजामी अधिकाऱ्यांना राष्ट्रीय शाळांची भीती वाटे. धडा कोणाच्या हातचा आहे, यालाच ते भीत होते.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर माध्यमाचा अडसर दूर झाला. साहित्याचा दुष्काळ मात्र एकाएकी कसा हटावा? १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, आणि स्वामीजींचे नाव त्याच्याशी कायमचे जोडलेले आहे. त्याच शहरात प्रतिभा निकेतन या शाळेत १९५५ साली नरहर कुरुंदकर शिक्षक झाले. इंटरच्या परीक्षेत अपयश आलेला हा तरुण वाचनाच्या बळावर पुढे त्याच पीपल्स कॉलेजचा प्राचार्य झाला आणि १९८२ साली निवर्तेपर्यंत साऱ्या महाराष्ट्राला विचार करावयास लावीत राहिला. अशा शिक्षकाला तयार टाचणाची गरज भासत नाही, हे खरे. पण असे शिक्षक किती निपजतात? सामान्य शिक्षकाला आधार लागतोच. तो आधार २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यास पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे बालभारती, स्थापन झाल्यावर मिळाला. अहमदपूर आणि अलिबाग येथील मुलांच्या हाती एकच पुस्तक आले. मराठवाड्याच्या दृष्टीने ही समता मोलाची होती. धडा मात्र अजूनही बाहेरूनच येत होता.

लातूरने यावर आपल्या परीने तोड काढली. राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० साली सुरू झाले. प्राचार्य जनार्दन वाघमारे व त्यांच्या सहकाऱ्यांनी जादा तास आणि सरावाच्या प्रश्नपत्रिका यांची जी शिस्त घातली, ती पुढे लातूर पॅटर्न या नावाने गाजली. पुस्तक पुण्याचे, पण प्रश्नपत्रिका लातूरची! तिच्यामागे परगावचे विद्यार्थी लातुरात राहावयास आले. परीक्षेपुरते ज्ञान म्हणजे शिक्षण नव्हे हा तिच्यावरील आक्षेप खोटा नाही. पण आजवर शिदोरी मागून आणणाऱ्या प्रदेशाने ती प्रथमच दुसऱ्यांना पुरविली, हेही विसरून चालणार नाही.

आता सामग्रीची वाण राहिलेली नाही. बालभारतीची पुस्तके संगणकावरून व मोबाइलवरून विनामूल्य उतरवून घेता येतात. ५ सप्टेंबर २०१७ रोजी केंद्र सरकारने दीक्षा हा मंच सुरू केला. पाठ्यपुस्तकावर छापलेला क्यूआर कोडचा चौकोन टिपला की त्या धड्याची चित्रफीत पुढे येते. या चौकोनाचा वर्गातील उपयोग सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी आधीच करून पाहिला होता. त्यांना २०२० साली जागतिक शिक्षक पारितोषिक लाभले व त्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांना वाटून दिली. पुण्याच्या अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंची खेळणी आणि मुलांची पुस्तके संकेतस्थळावर सर्वांना खुली केली. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे शाळांना कुलुपे लागली, तेव्हा राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची अभ्यासमाला व्हॉट्सॲपवरून गावोगाव जाऊ लागली, आणि जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली ही मालिका लागली. ज्या घरी मोबाइल नव्हता तेथे मात्र शालापत्रकापूर्वीचाच काळ होता.

विपुलतेत निराळीच पंचाईत होते. तयार टाचण फुकट मिळू लागल्यावर ते वहीत उतरवून काढणे सोपे, आणि तपासणाऱ्यालाही ते नीटनेटके दिसते. पण नांदेड-लातूरचे वर्ग एकभाषी नाहीत. देगलूर व बिलोलीकडे तेलुगू, देवणी व उदगीरकडे कानडी आणि उर्दू, तांड्यांवर गोरमाटी, किनवट-माहूरच्या डोंगरात गोंडी व कोलामी या भाषा मुले घरून घेऊन येतात. उर्दू, कानडी व तेलुगू माध्यमांची पुस्तके बालभारती छापते. पण मराठी शाळेच्या पहिल्या बाकावर बसलेल्या गोंड मुलासाठी त्या चौकोनात बहुधा प्रमाण मराठीच असते. निजामाच्या शाळेत उर्दू ऐकणाऱ्या मराठी मुलाची जी गत होती, तीच थोड्याफार फरकाने आज त्याची आहे. आणि या वेळी परकी भाषा मराठी आहे. चित्रफितीतील ‘पाणी’ हा शब्द देगलूरच्या मुलाच्या घरी ‘नीळ्ळु’ असतो, देवणीच्या कानडी घरी ‘नीरु’ आणि किनवटच्या गोंड घरी ‘येर’. उतरवून घेतलेल्या टाचणाच्या समासात हे शब्द तेथील शिक्षकाला आपल्या हाताने लिहावे लागतात, आणि ते त्याला मुलांनाच विचारावे लागतात.