आरोपी आई ते उपचारक आई : स्वमग्नतेच्या इतिहासातील एक वळण (थ्रेड)

१९४३ साली अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि स्वमग्नतेची वैद्यकशास्त्रात ठळक नोंद झाली. सहाच वर्षांनी त्यांनी लिहिले की, ही मुले जणू बर्फ न वितळणाऱ्या रेफ्रिजरेटरमध्ये वाढली आहेत. रोख अर्थातच आईबापांवर होता.

शिकागोच्या ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ मध्ये हा आरोप ग्रंथरूपाने घरोघरी पोहोचवला. मुलाला आईपासून दूर ठेवणे, हाच त्यांच्या लेखी उपचार! वास्तविक बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ मध्येच कारण जैविक असल्याचे साधार मांडले होते. ते मानसशास्त्रज्ञ होते, शिवाय एका स्वमग्न मुलाचे वडीलही. १९६९ मध्ये कॅनर यांनी पालकांच्या सभेत त्यांना जाहीरपणे दोषमुक्त केले.

खरी कलाटणी मिळाली ती लॉस एंजेलिसमध्ये. इवार लोवास यांच्या वर्तनोपचारात चापटा आणि विजेचे धक्केही होते. तो डाग पुसता येत नाही. मात्र १९७३ च्या त्यांच्या पाठपुराव्यात एक गोष्ट लख्ख दिसली. उपचारानंतर संस्थांमध्ये गेलेली मुले शिकलेले गमावून बसली. प्रशिक्षित पालकांकडे परतलेली मुले पुढे जात राहिली.

भारतात १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखच नव्हता. तो आला १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात. त्याआधीच, १९९१ मध्ये, दिल्लीत मेरी बरुआ या आईने 'ॲक्शन फॉर ऑटिझम' उभी केली होती.

आता आपल्या शेजारच्या गोव्याकडे वळू. २०१३ मध्ये 'संगाथ' संस्थेने गोव्यात आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील रावळपिंडीत मिळून ६५ मुलांवर एक चाचणी सुरू केली. पद्धत मूळची ब्रिटनमधील, लोवास यांच्या कवायतीहून वेगळी : आई-मुलाच्या खेळाचे चित्रण करायचे आणि ते आईसोबत पाहत, मुलाच्या कोणत्या खुणेला तिने कसा प्रतिसाद दिला, हे उलगडायचे. शिकवणारे तज्ज्ञ डॉक्टर नव्हते, तर प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ते होते.

२०१६ मध्ये निष्कर्ष आले. पालकांचा प्रतिसाद मुलाशी अधिक जुळू लागला, मूल स्वतःहून अधिक संवाद साधू लागले. परस्पर सामायिक लक्ष मात्र घटले. संशोधकांनी तेही प्रामाणिकपणे नोंदवले.

हिंगोली-वाशिम सीमेजवळच्या कनेरगाव नाक्यासारख्या गावांना या चाचणीचे मोल अधिक. तेथून पुण्या-मुंबईचा तज्ज्ञ गाठायचा तर प्रवास, खर्च आणि बुडालेली मजुरी, तीही दर खेपेला. अर्थात, घरच उपचारकेंद्र झाले की त्याचा भार बहुधा आईच्याच दिवसावर पडतो, आणि त्या कामाची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही.