काशानची सोनेरी चमक आणि दख्खनची निळी झिलई

इराणमधील काशान येथे बाराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहरलेली लस्टर-चित्रणाची कला, म्हणजे झिलईदार भांड्यांवर व फरश्यांवर सोन्यासारखी धातुचमक आणणारी रंगकला, दख्खनमध्ये रुजली नाही. तिच्याच घरातली निळी झिलई मात्र येथे स्थिरावली. या तफावतीचे कारण काही अंशी कृतीच्या अवघडपणात, तर बहुतांशी काळाच्या गणितात आहे.

काशानच्या अबू ताहिर या कुंभार घराण्यातील अबुल कासिम याने १३०१ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात ही कृती नोंदवली आहे. दहा भाग गारेची पूड, एक भाग काचेची भुकटी आणि एक भाग पांढरी माती यांच्या लगद्यापासून भांडे घडवून त्यावर कथिलामुळे अपारदर्शक झालेली पांढरी झिलई पहिल्या भाजणीत पक्की केली जाई, आणि नंतर चांदी व तांबे यांच्या संयुगांनी नक्षी काढून भांडे दुसऱ्यांदा भट्टीत जाई. ही दुसरी भाजणी मंद आचेवर, कोंडलेल्या धुरात सुमारे बहात्तर तास चाले. धुरामुळे प्राणवायू कमी पडून संयुगांचे क्षपण होई, म्हणजे त्यांतील धातू मोकळा होऊन सूक्ष्म कणांच्या रूपाने झिलईत बसे. भांडे निवल्यावर वरचा मळ ओल्या मातीने घासला की चमक उघडी पडे. क्षारयुक्त झिलईत मिसळलेले तांबे मात्र मोकळ्या हवेच्या भट्टीत पिरोजी रंग देते, आणि ही कृती त्या मानाने सोपी होती.

अशी पिरोजी झिलईची भांडी इराणी आखाताकडून कोकणात येत असत, हे डेक्कन कॉलेजने चौल येथे केलेल्या उत्खननांतून दिसून आले आहे. होर्मुझहून समुद्रमार्गे आलेला रशियन व्यापारी अफनासी निकितिन पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात चौललाच उतरला आणि घाट चढून जुन्नरमार्गे बीदरला गेला. जुन्नरच्या दक्षिणेस असलेले चाकण त्याआधीच बहमनी राजकारणात आले होते. फिरिश्ता या इतिहासकाराच्या मते, ‘मलिक-उत-तुज्जार’ ही पदवी धारण करणाऱ्या सरदाराने तेथे ठाणे केले, आणि १४५३ च्या सुमारास तो मोहिमेत मारला गेल्यावर दख्खनी गटाने चाकणमध्ये आश्रय घेतलेल्या परदेशी, म्हणजे इराण-अरबस्तानकडून आलेल्या, लोकांची कत्तल केली.

याच बहमनी काळात दौलताबादचा चाँद मिनार (१४४५) आणि गिलानहून आलेल्या महमूद गावानने बीदरला बांधलेला मदरसा (१४७२) रंगीत झिलईच्या फरश्यांनी सजले. मदरशाच्या उरलेल्या मिनारावर नागमोडी पट्ट्यांची फरशीनक्षी आजही दिसते. परंतु काशानमधील लस्टरचे मोठे उत्पादन १३४० च्या सुमारास थांबले होते, आणि बहमनी राज्याची स्थापनाच १३४७ मध्ये झाली. त्यामुळे दख्खनला आश्रयदाते लाभले तेव्हा इराणमध्ये ती कला ओसरलेली होती.

सतराव्या शतकात सफवी इराणमध्ये लस्टर पुन्हा बनू लागले, पण तोवर येथील आश्रयदात्यांची घडी विस्कटली होती. १६३६ मध्ये निजामशाही संपली, १६६० मध्ये शाइस्ताखानाने फिरंगोजी नरसाळ्याकडून चाकणचा किल्ला घेतला, आणि १६८६-८७ मध्ये विजापूर व गोवळकोंडा मोगलांकडे गेले. अशा रीतीने दख्खनची दुसरी संधीही हुकली.