दाऊ

दाऊ : ‘तू’ या अर्थाचे इंग्रजीतील द्वितीयपुरुषी एकवचनी सर्वनाम. प्रमाण भाषेत आता अप्रचलित. कर्मरूप ‘दी’, षष्ठीची रूपे ‘दाय’ व ‘दाइन’. प्राचीन इंग्रजीत ‘थू’. लॅटिन ‘तू’, जर्मन ‘डू’, संस्कृत ‘त्वम्’ आणि मराठी ‘तू’ ही एकाच इंडो-युरोपीय कुळातली भावंडे.

प्राचीन इंग्रजीत ‘दाऊ’ व (मुळात अनेकवचनी) ‘यू’ यांतला भेद निव्वळ वचनाचा होता. राजा एकटा असेल तर त्यालाही ‘दाऊ’च. नॉर्मन विजयानंतर (१०६६) फ्रेंच वळणाने, तेराव्या शतकापासून, वरिष्ठाला अनेकवचन लावण्याची चाल पडली. ‘दाऊ’ उरले मुलाबाळांना, नोकरांना, जिवलगांना आणि देवाला. परक्या बरोबरीच्या माणसाला तसे म्हणणे म्हणजे त्याची पायरी काढणे. १६०३ साली वॉल्टर रॅलेवरील राजद्रोहाच्या खटल्यात सरकारी वकील एडवर्ड कोक याने आरोपीला भर न्यायालयात ‘दाऊ’ म्हटले, ते हिणवण्यासाठीच. शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्येही, आव्हानपत्रात प्रतिस्पर्ध्याला दोन-तीनदा अरेतुरे कर, असा सल्ला सर टोबी देतो.

सतराव्या शतकात क्वेकर पंथीयांनी मात्र हट्टाने सर्वांनाच ‘दाऊ’ म्हणायला सुरुवात केली. एकट्या माणसाला अनेकवचन लावणे ही त्यांच्या मते खुशामत होती, शिवाय असत्यही. न्यायाधीशांपुढेही ते मागे हटले नाहीत. त्यापायी त्यांनी मार खाल्ला. पंथसंस्थापक जॉर्ज फॉक्स व त्याच्या सहकाऱ्यांनी १६६० मध्ये अनेक भाषांतील एकवचन-अनेकवचनाचे दाखले देणारा ग्रंथच छापला. व्याकरण त्यांच्या बाजूने होते, लोकव्यवहार नव्हता. ‘यू’ सर्वांना सरसकट लागू झाले. मराठी कानाने ऐकले तर आजचा इंग्रज कुत्र्यालाही अहोजाहो करतो.

१६११ च्या राजमान्य बायबलमध्ये हिब्रू व ग्रीक मुळाला धरून प्रत्येक एकट्याला, अगदी सैतानालाही, ‘दाऊ’च आहे. पण पुढे हा शब्द मुख्यतः प्रार्थनेतच ऐकू येऊ लागला, आणि तो आदरार्थी असल्याचा समज रूढ झाला. तो चुकीचा आहे. विठोबाला ‘तू’ म्हणणाऱ्या वाचकाला हे वेगळे समजावण्याची गरज नाही.

उत्तर इंग्लंडच्या, विशेषतः यॉर्कशरच्या, बोलीत ‘दा’ व ‘दी’ ही रूपे टिकून आहेत. शेफील्डकर त्यांचा उच्चार ‘डा’, ‘डी’ असा करतात. म्हणून शेजारचे बार्न्सलीकर त्यांना ‘डी-डार’ म्हणून चिडवतात.