सेंट आयझॅक चौकातील कोबी

भव्य कॅथेड्रल आणि त्यासमोर कोबीचे वाफे. १९४२ च्या लेनिनग्राडचे (आजचे सेंट पीटर्सबर्ग) हे छायाचित्र आपण कदाचित पाहिले असेल. बहुधा ‘जिद्दीचे प्रतीक’ अशा ओळीसह. मला त्या ओळीची घाई खटकते.

कारण त्याआधी एक हिवाळा होऊन गेला होता. ८ सप्टेंबर १९४१ रोजी जर्मन सैन्याने शहराचा शेवटचा खुष्कीचा मार्ग तोडला. २० नोव्हेंबरपासून मुलांच्या वाट्याला दिवसाकाठी अवघा १२५ ग्रॅम पाव येऊ लागला, आणि त्याच्या पिठातही पेंड व सेल्युलोज! लाखो माणसे भुकेने मेली. वसंतात जे उरले, त्यांनी, त्यातही प्रामुख्याने स्त्रियांनी, उद्याने आणि चौक खणून भाजीपाला लावला. शहर तगले ते मुख्यतः लाडोगा सरोवरावरून येणाऱ्या धान्यावर. तरी त्या कोबीचे मोल ज्याने तो हिवाळा काढला त्यालाच ठाऊक.

आता छायाचित्राच्या चौकटीबाहेर पाहू. याच चौकात निकोलाय वाव्हिलोव्ह यांची वनस्पती संशोधन संस्था होती. त्यांनी जगभरातून जमवलेले बियाणे तिथे जपलेले होते. भाताचे अभ्यासक दिमित्री इव्हानोव्ह उपासमारीने गेले, तेव्हा त्यांनी राखलेली तांदळाची हजारो पाकिटे जशीच्या तशी होती. भुईमुगाचा संग्रह सांभाळणारे अलेक्झांडर श्चुकिन यांचाही अंत भुकेनेच झाला.

आणि वाव्हिलोव्ह? स्टालिनच्या राजवटीने त्यांना १९४० मध्येच अटक केली होती. २६ जानेवारी १९४३ रोजी सारातोव्हच्या तुरुंगात, कुपोषणाने खंगून, त्यांनी प्राण सोडला.