शिधावही ते पावतीपुस्तक

शताब्दीच्या स्मरणिकेसाठी काही लिहा, असं मंडळींनी सांगितलं, तेव्हा आम्ही म्हणालो, विणेकऱ्यांची परंपरा जाणती माणसं लिहितील, आम्हाला दानाचं लिहू द्या. दिंडी चालते टाळ-मृदंगावर हे खरं, पण तळावर चूल पेटते ती लोक देतात त्याच्यावर. ते देणं कसं बदलत गेलं, ते आम्ही पाहिलं आहे. त्यात आमच्या हातून एक चूकही झाली, तीही इथंच लिहून ठेवतो.

माउलींचा पालखी सोहळा आरफळच्या हैबतबाबांनी उभा केला, तेव्हा अंकलीच्या शितोळे सरकारांनी मोठं साहाय्य केलं. माउलींचे अश्व आजही अंकलीहून येतात. ते सरदाराचं दान. आपल्या दिंडीला कुणी सरदार भेटला नाही, आपल्याला घरटी पायली भेटली. पायलीभर जोंधळे, ओंजळभर डाळ, गुळाचा खडा. वैशाखात गावातून गाडी फिरायची अन् शिधा गोळा व्हायचा. त्याची वही असायची. आमच्या आजांच्या वेळची एक वही दिंडीच्या पेटीत अजून आहे. कडा वाळवीनं खाल्ल्या आहेत, पण नावं वाचता येतात. नावापुढं जिन्नस आहे, किंमत कुठंच नाही. ज्याच्या घरी दाणा नव्हता त्याच्यापुढं ‘सरपण भारा १’ असं लिहिलेलं आहे, एकापुढं ‘बैल जोडी, जाऊन येऊन’. १९७२ च्या दुष्काळाचं पान काढून पाहावं. गावाला सुकडी अन् परदेशातला तांबडा मिलो खायची पाळी होती. त्या पानावर पायली नाही. शेर आहे, अच्छेर आहे, मूठ आहे.

पावती हा प्रकार पुढं आला. पंढरपुरात मठाला जागा घ्यायचं ठरलं अन् प्रश्न पडला, खरेदीखत कुणाच्या नावावर करायचं? एकाच्या नावावर केलं तर त्याची पोरं उद्या वाटणी मागतील. तेव्हा १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली दिंडीची नोंदणी झाली. घटना लिहिली, विश्वस्त नेमले, धर्मादाय कार्यालयात हिशेब जाऊ लागला. एखादा विश्वस्त वैकुंठवासी झाला की चेंज रिपोर्ट. आमचं शिक्षण चौथी, पण हा शब्द आम्हाला पाठ झाला.

मग मुंबईकर मंडळी विचारू लागली, ‘‘महाराज, पावतीवर ८०-जी आहे का?’’ आम्हाला वाटलं, हा कुठला तरी नवा शिक्का असेल. करसल्लागारांकडं गेलो, त्यांनी नीट समजावलं. १९६१ च्या आयकर कायद्यात हे कलम १९६८ पासून लागू झालं. मान्यता असलेल्या धर्मादाय संस्थेला नोकरदारानं दहा हजार दिले, तर बहुतेक ठिकाणी त्यातले निम्मे, पाच हजार, त्याच्या करपात्र उत्पन्नातून वजा होतात. तो वीस टक्क्यांत असेल तर कराचे हजारभर रुपये वाचतात. म्हणजे दहा हजाराच्या दानात हजार रुपये सरकारनं सोडलेले असतात. हे आम्ही पारावर सांगितलं तर एक म्हातारे म्हणाले, ‘‘मग आम्हाला काय?’’ त्यांचं खरं होतं. शेतीच्या उत्पन्नावर आयकरच नाही, तर शेतकऱ्यानं ती पावती घेऊन करायचं काय? अन् कायदा दान मानतो ते फक्त पैशाचं. जोंधळे, सरपण, बैलजोडी यांना वजावट नाही. आपली अख्खी शिधावही त्या कलमाबाहेर.

दिंडीला ही मान्यता मिळाली नाही. कीर्तन, भजन, वारी हे धर्मकार्य, अन् धर्मकार्याच्या संस्थेला ८०-जी लागू नाही. केंद्र सरकारनं जाहीर केलेल्या प्रसिद्ध वा प्राचीन देवळाच्या जीर्णोद्धाराला दिलेल्या पैशाला सवलत आहे, पण आपल्याकडं देऊळ कुठं, आपलं दैवत चालतं. शेवटी वेगळी संस्था काढली. कुठल्याही जातीधर्माच्या आजाऱ्याला औषध, गावच्या पोरांना वह्या-पुस्तकं, हे तिचं काम. तिच्या उत्पन्नातला शंभरातला पाच रुपयांपर्यंतचाच भाग धर्मकार्याला वापरता येतो. त्यामुळं खातं वेगळं, पावतीपुस्तक वेगळं. काही मंडळी रुसली, की त्या पैशातनं तंबू का आणत नाही. नाही आणता येत.

आता चुकीचं. त्या साली ट्रक अन् पाण्याचा टँकर, दोन्हींचं भाडं थकलं होतं. तरडगावच्या मुक्कामी एका गृहस्थाचा निरोप आला. दोन लाखांचा चेक देतो, एक लाख ऐंशी हजार रोख परत करा, पावती पुऱ्या दोन लाखांची द्या. वीस हजार संस्थेला फुकटात. राहुटीत मध्यरात्रीपर्यंत खल झाला. कोशाध्यक्ष नको म्हणत होते. आम्ही म्हणालो, घ्या, काम तर पांडुरंगाचंच आहे. आमच्या शब्दावर पावती फाडली गेली. दुसऱ्या दिवशी फलटणला आमचं कीर्तन. भावाचा वाटा भावाला देऊन तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली, तो प्रसंग आम्ही शेकडो वेळा सांगितला आहे. त्या रात्री तो ओठावर आला अन् पुढं शब्द सुचेना. समोर कोशाध्यक्ष टाळ धरून उभे होते. त्यांनी मान खाली घातली. लोकांना वाटलं, महाराजांचा आवाज बसला.

चेक बँकेत टाकलेला नव्हता. तो परत पाठवला. पावती रद्द करून तिच्या दोन्ही प्रती पुस्तकात लावून ठेवल्या आहेत, ज्याला पाहायच्या त्यानं पाहाव्यात. टँकरवाल्याचं भाडं बाजरी विकून दिवाळीनंतर फेडलं. त्यानं व्याज घेतलं नाही, ही त्याची वारी.

आता नियम कडक झाले आहेत. २०१७ पासून दोन हजारांच्या वरच्या रोख दानाला वजावट नाही. पुढं २०२१-२२ च्या दानापासून प्रत्येक दात्याचं नाव, पॅन अन् रक्कम संस्थेनं ३१ मेपर्यंत ऑनलाइन भरायची, तेव्हा दात्याला प्रमाणपत्र मिळतं. उशीर झाला तर दिवसाला दोनशे रुपये. मे अखेर म्हणजे पेरणीची तयारी अन् वारीची धांदल एकदमच. आमचा नातू ते भरतो, आम्ही शेजारी बसून नावं वाचून दाखवतो. नव्या करपद्धतीत गेलेल्या नोकरदाराला ही वजावट मिळतच नाही, तरी मुंबईकरांतले बरेच जण पूर्वीइतकंच देतात. आम्ही हे लपवत नाही, आधी सांगतो, मग पैसे घेतो.

गुप्तदानाचंही विचारतात. धर्मादाय संस्थेला ठरावीक मर्यादेपलीकडं निनावी पैसा आला तर त्यावर तीस टक्के कर आहे. निव्वळ धार्मिक संस्थेला तो नाही. म्हणून गुप्तदानाची पेटी दिंडीच्या खात्याची, तिच्यातला रुपया दुसऱ्या संस्थेत जात नाही.

तेव्हा ज्यांना प्रमाणपत्र हवं त्यांनी औषधोपचाराच्या संस्थेच्या नावानं चेक किंवा ऑनलाइन द्यावं, सोबत पॅन द्यावा, अन् मार्चअखेरच्या आत द्यावं. दिंडीच्या पावतीवर ८०-जी नाही, ते मागू नये. शिधा नेहमीप्रमाणं वैशाखात मारुतीच्या देवळात घेतला जाईल. वही तिथंच असेल.