चेंडू लागला कुठे?

लेदरचा नवा चेंडू बॅटवर लाल डाग सोडून जातो. टेनिस बॉल काहीच सोडत नाही. त्यामुळे टेनिस बॉलवर वाढलेल्या पोरांमध्ये एक वाद कधीच मिटत नाही: बॉल नक्की लागला कुठे? मारणारा म्हणतो मधोमध. कीपर म्हणतो टोकाला. बॉल तोवर पलीकडच्या कंपनीच्या पत्र्यावर जाऊन पडलेला असतो, आणि सिक्स तर सिक्सच.

माझं ऑफिस वागळे इस्टेटमध्ये आहे, रस्त्यांना नावांऐवजी नंबर असलेल्या भागात. रविवारी ट्रक नसतात, गेटं बंद असतात आणि अर्ध्या रस्त्यावर स्टंप उभे राहतात. आम्ही ऑफिसातले सात-आठ जण तिथे खेळतो. हा वाद ऐकून ऐकून मी एकदा शोधायला बसलो, की बॅटवर चेंडू कुठे लागला हे बघायची साधनं आली कुठून? मला वाटलं होतं गोष्ट सेन्सरपासून सुरू होईल. ती सुरू झाली लेथ मशीनच्या शेजारून.

१९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि तिच्या कामाची सुरुवात ठाण्याच्या याच भागातून झाली. आज इथे आयटी पार्कच्या काचा दिसतात, पण मधल्या गाळ्यांमध्ये अजूनही मशीन शॉप आहेत. तिथल्या जुन्या फिटरला विचारा, दोन सपाट पृष्ठभाग एकमेकांना नीट टेकतात की नाही हे कसं बघता? तो निळ्या रंगाची ट्यूब दाखवेल. प्रशियन ब्लू. सरफेस प्लेटवर हा रंग अगदी पातळ फासायचा, त्यावर आपला जॉब ठेवून हलकेच फिरवायचा आणि उचलून बघायचा. जिथे निळं लागलं तो भाग उंच. तेवढाच स्क्रेपरने खरवडायचा, पुसायचं आणि पुन्हा टेकवायचं. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० साली ग्लासगोच्या एका परिषदेत खरा सपाट पृष्ठभाग कसा बनवायचा यावर निबंध वाचला होता. त्या पद्धतीचा कणा हाच होता: रंग लावा, टेकवा, बघा, खरवडा.

दातात सिमेंट भरल्यावर डेंटिस्ट आपल्याला रंगीत कागदाची पट्टी चावायला लावतात, तेही हेच. गोल्फवाले क्लबच्या तोंडावर पायाला मारायचा पावडरचा स्प्रे मारतात. चेंडू लागला की पांढऱ्या थरात गोल ठसा उमटतो. याच कामासाठी चिकटवायचे तयार स्टिकरही मिळतात. क्रिकेटमध्ये लेदर बॉलने हे काम फुकटात केलं. नेटमधून आलेल्या बॅटवरचे लाल डाग बघितले तरी पोरगा कुठे चुकतोय याचा अंदाज येतो. डाग टोकाकडे जमले असतील तर तो चेंडूपर्यंत पोचत नाहीये. बाहेरच्या कडेला असतील तर शरीरापासून लांब खेळतोय.

पण डाग बघायची गरजच काय, हाताला कळत नाही का? कळतं, पण अर्धंच. बॅट आणि चेंडू एकमेकांना साधारण एक मिलिसेकंद चिकटलेले असतात, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. हाताची संवेदना मेंदूपर्यंत पोचायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. तोवर चेंडू गेलेला असतो. हात एवढंच सांगतो की झिणझिण्या आल्या किंवा नाही आल्या. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ हॉवर्ड ब्रॉडी यांनी १९८१ साली टेनिस रॅकेटवर एक लेख लिहिला. आपण ज्याला ‘स्वीट स्पॉट’ म्हणतो ती एक जागा नसून तीन वेगवेगळ्या जागा आहेत, असं त्यांनी मांडलं. एका जागी चेंडू लागला तर कंपनं जवळपास होत नाहीत. दुसऱ्या जागी लागला तर हाताला झटका बसत नाही. तिसऱ्या जागेवरून चेंडू सर्वात जोरात उडतो. बॅटलाही हेच लागू आहे. म्हणजे ‘काय मस्त बसला’ असं हाताला वाटलं तिथूनच चेंडू सर्वात लांब जाईल, याची खात्री नाही.

खूण दिसत नसेल तर शिकायचं कसं? यावर जुन्या खेळाडूंनी एक उपाय काढला होता, चुकायला जागाच ठेवायची नाही. लहानपणी बाउरल गावात डॉन ब्रॅडमन पाण्याच्या टाकीखालच्या विटांच्या भिंतीवर गोल्फचा चेंडू फेकायचे आणि परत येताना तो क्रिकेटच्या स्टंपने मारायचे. आपल्या इकडची गोष्ट अजून घरगुती आहे. सचिन तेंडुलकर शाळेत असताना शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहायचा. काकू घरातच त्याला गोल्फचे चेंडू टाकायच्या, असं त्याने आत्मचरित्रात लिहिलंय. त्यातला एक चेंडू त्याने दोन बाजूंनी तासला होता, टप्पा पडल्यावर वेडावाकडा वळावा म्हणून. मैदानावर आचरेकर सरांचं नाणं स्टंपवर असायचं, घरात काकूंच्या हातात गोल्फचा चेंडू. एवढासा चेंडू मधोमध लागला नाही तर लगेच कळतं. इथे लहान चेंडू हाच निळा रंग.

नंतर उलटा प्रवास झाला, बॅट माफ करायला लागली. बॅटच्या रुंदीवर मर्यादा आली ती १७७१ साली. टॉमस व्हाइट नावाचा एक खेळाडू थेट स्टंपांइतकी रुंद बॅट घेऊन मैदानात उतरला, त्यानंतर सव्वाचार इंचांची हद्द ठरली. ती आजही तीच आहे. जाडीवर मात्र दोनशे वर्षांहून जास्त काळ कुणी काही बोललं नाही. बॅटच्या कडा फुगत गेल्या आणि शेवटी १ ऑक्टोबर २०१७ पासून कडा ४० मिलिमीटर आणि जाडी ६७ मिलिमीटरच्या वर नको, असा नियम आला. कारण उघड होतं. कडेला लागलेला चेंडूही सीमेपार जाऊ लागला होता. म्हणजे निकाल खोटं बोलायला लागला. पन्नास पावलांवर जाळी असलेल्या टर्फवर किंवा आमच्या रस्त्यावर तर तो कायमच खोटं बोलतो. सिक्स गेली, पण बॉल लागला होता टोकाला. पुढच्या वेळी तोच शॉट मोठ्या मैदानावर मारला तर लाँग ऑनच्या हातात.

इथपर्यंत खूण ही शिकणाऱ्याची गोष्ट होती. १९९०च्या दशकात ती टीव्हीवर गेली. ॲलन प्लास्केट या इंग्लिश संगणकतज्ज्ञाने स्निकोमीटर बनवलं. स्टंपमधल्या मायक्रोफोनचा आवाज आलेखात काढायचा आणि स्लो मोशन चित्राखाली ठेवायचा. १९९९ साली इंग्लंडच्या चॅनल फोरने ते प्रेक्षकांना दाखवलं. नोव्हेंबर २००६ मध्ये ब्रिस्बेनच्या ॲशेस कसोटीत हॉट स्पॉट आलं. चेंडू लागतो तिथे घर्षणाने किंचित उष्णता तयार होते. इन्फ्रारेड कॅमेऱ्यात तिथे पांढरा ठिपका दिसतो. नीट बघितलं तर हा गोल्फच्या पावडरमधला ठसाच आहे, फक्त उष्णतेचा, आणि काही क्षणांत पुसला जाणारा.

फरक एकच होता. हा ठसा फलंदाजासाठी नव्हता. तो अंपायरसाठी होता. रिव्ह्यू पद्धतीत तो पुरावा बनला. भारताने या पद्धतीला बरीच वर्षं विरोध केला आणि २०१६च्या इंग्लंड मालिकेत, राजकोट कसोटीपासून, ती चाचणी म्हणून स्वीकारली. त्याच्या आधी, ऑगस्ट २०१३ मध्ये, एक गमतीशीर वाद झाला होता. ऑस्ट्रेलियाच्या चॅनल नाइनने बातमी दिली की काही फलंदाज हॉट स्पॉट चुकवण्यासाठी बॅटच्या कडांवर सिलिकॉन टेप लावतात आणि आयसीसी त्याची चौकशी करतेय. आयसीसीने बातमी चुकीची असल्याचं सांगितलं. ज्याचं नाव आलं त्या खेळाडूनेही आरोप धुडकावला. कुणावरही काही सिद्ध झालं नाही. पण हॉट स्पॉट बनवणाऱ्यांनी आपल्या चाचण्यांवरून सांगितलं की टेपमुळे उष्णतेचा ठसा खरोखरच फिका पडतो.

टेप कुणी लावली की नाही हे सोडा. असा संशय घेता येणं हीच मला या इतिहासातली सर्वात महत्त्वाची घटना वाटते. नेटमध्ये कुणी लाल डाग लपवत नाही. फिटर निळा रंग चोरून पुसत नाही, कारण तो रंग त्याच्यासाठीच असतो. खूण शिकवायला असते तेव्हा माणूस ती शोधतो. तीच खूण निवाडा करायला वापरली की तो ती लपवण्याचा विचार करू लागतो. रंग तोच, चेंडू तोच. खूण कोण बघतंय एवढंच बदललेलं असतं.

आता तिसरा टप्पा चालू आहे. २०१७च्या चॅम्पियन्स ट्रॉफीत इंटेलच्या तंत्रज्ञानावरचे बॅट-सेन्सर वापरले गेले. ते बॅटचा वेग आणि कोन मोजायचे. २०१८ साली अनिल कुंबळेंच्या स्पेक्टाकॉम कंपनीने मायक्रोसॉफ्टच्या मदतीने ‘पॉवर बॅट’ आणली. बॅटच्या मागे, खांद्याजवळ एक हलका स्टिकर. चेंडू लागताना बॅटचा वेग किती होता, बॅट हातात किती फिरली, चेंडू स्वीट स्पॉटच्या किती जवळ लागला, हे सगळं तो फोनवर पाठवतो. त्या वर्षीच्या तमिळनाडू प्रीमियर लीगमध्ये तो वापरला गेला, म्हणजे प्रशिक्षणाचं साधन आणि टीव्हीवरचा आकडा या दोन्ही गोष्टी एकाच स्टिकरमध्ये आल्या.

सॉफ्टवेअरवाला म्हणून मला हे आवडतं. पण माझ्याच धंद्याबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली, असा सेन्सर चेंडू ‘बघत’ नाही. तो बॅटची हालचाल आणि कंपनं मोजतो आणि त्यावरून जागेचा अंदाज बांधतो. अंदाज चांगला असेल, पण मध्ये गणित आहे. खडूची पावडर अंदाज बांधत नाही. दुसरी, पावडर पुसता येते, डेटा राहतो. राहिलेला डेटा आज कोच बघेल, उद्या निवड समिती. सोळा वर्षांच्या पोराला माहीत असेल की सरावातला प्रत्येक चेंडू कुठेतरी नोंदवला जातोय, तर तो सरावात नवा शॉट करून बघेल का? की जमतं तेच मारत राहील, आलेख छान दिसावा म्हणून? आमच्याकडे टीममध्ये कामाचे आकडे मोठ्या स्क्रीनवर लागले की काय होतं, हे आयटीत नोकरी करणाऱ्या कुणालाही विचारा. माणसं सोपी कामं आधी उचलतात.

हा प्रश्न आता टेनिस बॉलच्याही दारात आलाय. मार्च २०२४ मध्ये इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीगचा पहिला हंगाम ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर झाला. दहा-दहा षटकं आणि चेंडू टेनिसचा. वागळे इस्टेटपासून ते मैदान रिक्षाने जाण्याइतकं जवळ. गल्लीतल्या पोरांना पहिल्यांदाच मोठा रस्ता दिसला. आणि ज्या खेळात चेंडू खूण ठेवतच नाही, तिथे निवडणाऱ्याला दिसते ती फक्त सिक्स.

म्हणून आम्ही रविवारी एक प्रयोग केला. खर्च एका खडूचा. खडू कुटून बॅटच्या तोंडावर कोरडा फासला. एकाने टेनिस बॉल टाकायचा, दुसऱ्याने मारायचा. मारल्यावर बॅटकडे न बघता बोटाने हवेत सांगायचं, कुठे लागला. मग बॅट उलटून बघायची, पुसायची, पुन्हा खडू. आमच्यातला सर्वात लांब मारणारा मित्र पहिल्या दहा चेंडूंत जवळपास प्रत्येक वेळी ‘मधोमध’ म्हणाला. ठसे मात्र मधोमधपासून तीन-चार बोटं खाली, टोकाकडे. त्यातले दोन शॉट पत्र्यावर गेले होते. पंधराव्या-सोळाव्या चेंडूनंतर त्याचं सांगणं आणि ठसा हळूहळू जवळ यायला लागले. फटके सुधारले म्हणण्याइतका वेळ गेला नव्हता. हाताला आणि डोळ्याला एकमेकांची भाषा कळायला लागली होती, इतकंच. पावसाळ्यात खडूही लागत नाही. बॉल ओला असतो, कोरड्या बॅटवर ओलसर गोल उमटतो आणि वाळून जातो.

महागडा स्टिकर वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पैसे असतील तर जरूर घ्या. पण घेताना विचारा, याचे आकडे कुठे जातात, कोण बघतं, आणि ते पुसता येतात का. नेटमध्ये असा एक कोपरा तरी हवा जिथे खूण फक्त मारणाऱ्यालाच दिसते. पुढच्या चेंडूआधी ती पुसली जाते आणि टोकाला लागलेल्या सिक्सचे कुणी मार्क देत नाही.