बैलाची पाच दिवसांची पारख ते जुन्या गाडीचं इंजिन: विकणाऱ्याच्या शब्दाला वजन कसं आलं?

मागच्या हिवाळ्यात माझ्या मामेभावाने नागपूरच्या एका डीलरकडून जुनी डिझेल गाडी घेतली, 2 लाख 40 हजारांना. तो नाकाडोंगरीत फोटोग्राफर आहे. लग्नसराईत कॅमेरे, लाइट, स्टँड घेऊन तुमसरपासून पार मध्य प्रदेशच्या हद्दीपर्यंत फिरावं लागतं, म्हणून गाडी. डीलरने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं होतं, "इंजिन एकदम ओके आहे, खोललेलं नाही. फक्त डिझेल टाका आणि चालवा." सतराव्या दिवशी गोबरवाहीच्या अलीकडे गाडीने निळा धूर सोडला आणि चढावर ओढणंच बंद केलं. डीलरला फोन केला, तर उत्तर आलं, "जुनी गाडी आहे भाऊ. तुम्ही बघूनच घेतली ना?"

मित्रांनो, आजचा लेख या एका वाक्यावर आहे. "बघूनच घेतली ना?" हे वाक्य कुठून आलं, ते कायद्यात कसं शिरलं आणि तिथून हळूहळू बाहेर कसं काढलं गेलं, हे बघायचं आहे. मी मुळात विज्ञानाचा विद्यार्थी. एम.एस्सी. पदार्थविज्ञानात केलं आणि पीएच.डी.चा विषय आहे धातूंच्या पृष्ठभागाची झीज. त्यामुळे भावाचा फोन आला तेव्हा मला वाटलं, हा तर माझाच विषय! त्या आत्मविश्वासात मी एक चूक केली. ती शेवटी सांगतो.

आधी प्रश्न सुटा करा

संशोधनाची तयारी करणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, एका वाक्यात लपलेले प्रश्न आधी वेगळे काढा. इथे तीन आहेत. एक, इंजिन खराब आहे का? दोन, ते विक्रीच्या दिवशीच खराब होतं का? तीन, विकणाऱ्यावर ते सांगण्याची जबाबदारी होती का? पहिला प्रश्न मेकॅनिक सोडवतो. दुसऱ्यासाठी पुरावा लागतो. तिसऱ्याचं उत्तर मात्र काळाप्रमाणे बदलत गेलं, म्हणून तो इतिहासाचा प्रश्न आहे.

बैलाचे दात आणि पाच दिवस

आमच्या भागात गाडीच्या आधी बैल होता. बैलबाजारात दात बघतात, दोन दाती की चार दाती की जुळलेला. चालवून बघतात, खांद्यावर हात फिरवतात, काही खोड आहे का ते विचारतात. तरी सगळं कळत नाही. बैल मारका आहे की बसका, हे घरी आणून औताला जुंपल्यावरच समजतं.

ही अडचण आपल्याकडच्या जुन्या धर्मशास्त्रकारांना नीट माहीत होती. खरेदीनंतरच्या पस्ताव्यासाठी 'क्रीतानुशय' नावाचं वेगळं प्रकरणच आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत वस्तूनुसार पारखण्याची मुदत दिलेली आहे: बियाण्याला 10 दिवस, लोखंडाला 1, ओझं वाहणाऱ्या जनावराला 5, रत्नांना 7, दुभत्या जनावराला 3. त्याच यादीत दास-दासींसाठीही मुदत आहे, म्हणजे त्या काळाला सोनेरी वगैरे म्हणायची गरज नाही. पण त्यातला विचार बघा. जी वस्तू वापरल्याशिवाय कळत नाही, तिच्यासाठी 'बघून घेतली' एवढं पुरेसं नाही, वापरून बघायला वेळ द्यायला हवा.

1603 चा खडा

इंग्लंडमधला कायदा वेगळ्या वाटेने गेला. 1603 चा 'चँडेलर विरुद्ध लोपस' हा खटला प्रसिद्ध आहे. एका सोनाराने एक खडा 'बेझोअर' म्हणून 100 पौंडांना विकला. बेझोअर म्हणजे जनावराच्या पोटात तयार होणारा खडा. तो विषावर उतारा असतो असा तेव्हा समज होता. हा खडा खोटा निघाला, तरी ग्राहक हरला. न्यायालयाचं म्हणणं असं की सोनाराने 'हा बेझोअर आहे' एवढंच म्हटलं, तशी हमी दिली नव्हती. नुसतं म्हणणं वेगळं आणि हमी वेगळी! यामागचं तत्त्व म्हणजे 'कॅव्हिएट एम्प्टर', घेणाऱ्याने सावध राहावं.

पुढे कारखान्यातला माल आला, दूरवरून नमुन्यावर खरेदी सुरू झाली, तेव्हा हे तत्त्व ताणलं जाऊ लागलं. 1893 च्या इंग्लिश माल विक्री कायद्याने त्याला अपवाद लिहून दिले. आपल्याकडे मालविक्रीची कलमं आधी 1872 च्या करार कायद्यात होती. ती काढून 1930 चा स्वतंत्र माल विक्री कायदा झाला, जो आजही लागू आहे. त्याच्या कलम 16 ची सुरुवात जुन्या तत्त्वानेच होते, की मालाच्या दर्जाबद्दल गर्भित अट नाही. पण लगेच अपवाद येतात. ग्राहकाने कशासाठी हवं ते सांगितलं, विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबला आणि विक्रेत्याचा तोच धंदा असेल, तर माल त्या कामाला योग्य असलाच पाहिजे. दुसरा अपवाद विक्रीयोग्य दर्जाचा आहे. त्यात एक मेख आहे. ग्राहकाने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जे दोष दिसायला हवे होते, त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

आता डीलरचं वाक्य परत वाचा. "बघूनच घेतली ना?" नकळत तो या मेखेचाच आधार घेत होता. पण फेरफटका मारताना पिस्टनची रिंग दिसत नाही. दिसायला हवा होता असा हा दोषच नव्हता.

दोन जग्वार

याच धर्तीच्या कलमांवर इंग्लंडमध्ये जुन्या गाड्यांचे दोन खटले झाले. ते आपल्यावर बंधनकारक नाहीत, पण कलमांचं मूळ एकच असल्यामुळे ते शेजारी शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत.

1965 च्या 'बार्टलेट विरुद्ध सिडनी मार्कस' मध्ये जुन्या जग्वारच्या क्लचचं काम आहे, हे विक्रेत्याने आधीच सांगितलं होतं. खर्च अंदाजापेक्षा बराच जास्त निघाला, तरी ग्राहक हरला. न्यायालयाचा रोख असा की जुनी गाडी परिपूर्ण नसणारच, ती चालवण्याजोगी असली म्हणजे झालं.

1975 चा 'क्राउदर विरुद्ध शॅनन मोटर' हा खटला भावाच्या प्रकरणाशी फार जुळतो. 80 हजारांहून जास्त मैल चाललेली जग्वार होती. विक्रीनंतर साधारण 3 आठवड्यांत, 2 हजारांहून थोडे जास्त मैल चालल्यावर तिचं इंजिन जाम झालं. इथे ग्राहक जिंकला. कारण आधीच्या मालकाने साक्ष दिली की इंजिन आधीच थकलेलं होतं. म्हणजे नंतरचा बिघाड हा विक्रीच्या दिवशीच्या अवस्थेचा पुरावा मानला गेला. हा 'आधीचा मालक' लक्षात ठेवा.

तांदळातले खडे

दोन्ही खटल्यांच्या मध्ये, 1970 मध्ये, जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाचा 'लेमन' वरचा निबंध छापून आला. अमेरिकन बोलीत लेमन म्हणजे डोकेदुखी ठरणारी खराब गाडी. त्याचा युक्तिवाद साधा आहे. गाडी कशी आहे ते विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना मधला भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही आणि बाजारात खराब गाड्या उरत जातात. म्हणजे गप्प बसणाऱ्या विक्रेत्यामुळे प्रामाणिक विक्रेताही बुडतो.

भंडारा जिल्ह्याच्या माणसाला या निबंधातली एक गोष्ट विशेष आवडेल. त्यात आपल्या बाजारातल्या तांदळाचं उदाहरण आहे. तांदळासारखेच दिसणारे खडे मुद्दाम मिसळलेले असतात आणि गृहिणीला ते निवडत बसावं लागतं. आमच्या घरी सूप घेऊन आजी जे करायची, ते त्या सिद्धांताचा भाग झालं! आणि हो, या निबंधाला आधी तीन नियतकालिकांनी नकार दिला होता. 2001 मध्ये याच कामासाठी अकेरलॉफ नोबेलचे मानकरी ठरले. पहिला पेपर परत आला म्हणून खचलेल्यांनी हे वहीत लिहून ठेवावं.

महाराष्ट्रातली खटपट आणि 1986

खडे निवडत बसण्याऐवजी विकणाऱ्याला जाब विचारायचा, ही कल्पना आपल्याकडे कार्यकर्त्यांनी रुजवली. 1966 मध्ये मुंबईत काही महिलांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी सुरू केली. 1974 मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत उभी केली. 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत आली. पुढे 24 डिसेंबर 1986 ला ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. आपण हा दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो तो त्यामुळे.

या कायद्यातली 'दोष' शब्दाची व्याख्या सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि ती 2019 च्या नव्या कायद्यातही कायम आहे. दोष म्हणजे दर्जातली अशी उणीव, जी कायद्याने, कराराने किंवा *विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे केलेल्या दाव्याने* ठरलेल्या दर्जापेक्षा कमी आहे. 1603 मध्ये 'नुसतं म्हणणं' म्हणून जे सोडून दिलं होतं, तेच इथे मोजपट्टी झालं. जुन्या गाडीसाठी तर हे फारच मोलाचं, कारण जुन्या इंजिनाला ठरावीक दर्जा नसतो. विक्रेत्याने जे सांगितलं तोच त्याचा दर्जा. भावाच्या मोबाइलमधला तो एक मेसेज म्हणजे कायद्याच्या भाषेत दावा आहे.

बाकी बदल थोडक्यात. 'धंद्यासाठी घेतली म्हणून तू ग्राहक नाहीस' असं डीलर म्हणू शकतो. पण 1993 च्या दुरुस्तीने स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू यातून वगळली. 1995 च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वतः रिक्षा चालवणाऱ्याचं उदाहरण देऊन हे स्पष्ट केलं. पूर्वी तक्रार विक्रेत्याच्या गावी किंवा व्यवहार घडला तिथेच करावी लागे. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने ग्राहक राहतो तिथल्या जिल्हा आयोगात ती करता येते. म्हणजे नाकाडोंगरीच्या माणसाला नागपूर नाही, भंडारा. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत 2 वर्षं.

मर्यादाही सांगायला हवी. हे सगळं विक्रीचा धंदा करणाऱ्याबद्दल आहे. शेजाऱ्याने स्वतःची गाडी विकली, तर सहसा करार कायदा आणि दिवाणी न्यायालयाचाच रस्ता उरतो. आणि 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी जे नोंदणीचे नियम आले, ते गाडीच्या कागदपत्रांची जबाबदारी ठरवतात, इंजिनाची नाही.

माझी चूक

आता कबुली. भावाचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, "लगेच गॅरेजला ने आणि इंजिन खोलायला सांग." मेकॅनिकने पहिलं काम काय केलं? तेल काढून टाकलं. त्या तेलातच सगळी गोष्ट होती. इंजिनाचा कोणता भाग झिजतोय ते तेलातल्या धातूच्या कणांवरून कळतं. लोखंड बहुधा सिलिंडरच्या भिंतीचं, क्रोमियम रिंगचं, अ‍ॅल्युमिनियम पिस्टनचं. शिवाय धूर दाबायला घट्ट तेल भरलं होतं का, हेही चिकटपणा मोजून समजलं असतं. ज्या दोषाला चाचणी लागते, त्यासाठी आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो, अशी तरतूद कायद्यात आहे. पण नमुनाच उरला नाही. झिजेवर पीएच.डी. करणाऱ्या माणसाने झिजेचा पुरावा स्वतः सांगून गटारात घालवला.

मग क्राउदरचा खटला आठवला. आरसीवरच्या नोंदीवरून आधीच्या मालकाचा पत्ता काढला आणि भाऊ त्यांना भेटायला गेला. भल्या माणसाने सर्व्हिसचा कागद शोधून दिला. त्यावर विक्रीच्या 2 महिने आधीची तारीख आहे आणि शेरा आहे की इंजिन तेल खातंय, काम करावं लागेल. म्हणजे तिन्हीतल्या दुसऱ्या प्रश्नाला निदान एक धागा मिळाला.

दुरुस्तीला 58 हजार लागले. दोन लग्नांची कामं हातची गेली, ती वेगळीच. भावाने आधी नोटीस पाठवली, उत्तर आलं नाही. आता भंडाऱ्याच्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल आहे. सोबत मेसेजची प्रत, पैशांची पावती, गॅरेजचं बिल आणि तो सर्व्हिसचा कागद जोडला आहे. निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही.

तुमच्यासाठी गृहपाठ: तुमच्या विषयातलं असंच एक रोज ऐकू येणारं वाक्य घ्या आणि ते कुठून आलं ते मागे मागे जात शोधा. आणि जुनी गाडी घेऊन ती बिघडलीच, तर खोलायच्या आधी तेलाची एक बाटली भरून, तारीख लिहून, साक्षीदारासमोर सील करून ठेवा. हे मात्र मी पुस्तकातून शिकलो नाही.